की दाबली, पण आवाज नाही: सॉफ्टवेअर सिंथची नेहमीची दुखणी

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझा फोन दोनच कारणांसाठी वाजतो. एक, ‘ताई, आरतीला पट्टी कुठली धरू?’ आणि दुसरं, ‘ताई, लॅपटॉपवर सगळं टाकलंय, कीबोर्ड जोडलाय, पण आवाजच येत नाही.’ पहिल्याचं उत्तर गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. दुसऱ्याचं मी इतक्या वेळा दिलंय, की आता लिहूनच ठेवते. मी डोंबिवलीत पेटी आणि कीबोर्ड शिकवते. संगणकाची शिकलेली नाही. पण मुलांच्या घरी जाऊन जाऊन हात बसलाय.

हे ‘सगळं’ म्हणजे सॉफ्टवेअर सिंथ, लॅपटॉपमध्येच आवाज तयार करणारं वाद्य. त्याच्या तक्रारी साधारण अशा येतात. आपली कुठली ते आधी नीट ठरवा.

- की दाबली तर काहीच नाही. स्क्रीनवर सिंथ दिसतो, पण गप्प.
- आवाज येतो, पण बोटाच्या मागून येतो. लयीत वाजवताच येत नाही.
- आवाज येतो, पण मध्येच तडतडतो, तुटतो. चार सुरांपर्यंत ठीक, पाचव्याला फाटतो.
- एखादा सूर अडकून बसतो, थांबतच नाही.
- एका कीला दोन आवाज येतात.
- सूर भलत्याच पट्टीत वाजतो.
- प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या आत उघडणारा सिंथ) डाउनलोड केलं, पण यादीत सापडतच नाही.
- कोणी वाजवत नसतानाही मागे घूंऽऽ चालू असतं.

या आठांत सिंथच खराब निघाला असं माझ्या हातून क्वचितच झालंय. दोष त्याच्या अलीकडे असतो, नाहीतर पलीकडे. आणि लोक नेमका सिंथच पुसून पुन्हा टाकत बसतात.

चिठ्ठी कुठे हरवली?

कीबोर्डपासून लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीतून आवाज जात नाही, चिठ्ठी जाते. ‘साठ नंबरची की दाबली, इतक्या जोराने’ आणि मग ‘सोडली’. बस, एवढंच. याच चिठ्ठीला मिडी म्हणतात. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ एकमेकांशी बोलावेत म्हणून हे ठरलं आणि आजही मूळ नियम तेच आहेत: किया ० ते १२७, चॅनेल १६. ही चिठ्ठी लॅपटॉपमध्ये शिरते, तिथून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकवर, तिथून सिंथकडे. सिंथ ती वाचून आवाज तयार करतो आणि तो ड्रायव्हरमार्फत, म्हणजे संगणक आणि जोडलेलं यंत्र यांच्यातल्या दुभाष्यामार्फत, स्पीकरपर्यंत जातो. पाच-सहा हातांतून जाणारा निरोप. तो कोणाच्या हातात अडकला हे कळेपर्यंत कुठलंही सेटिंग बदलू नका. सहा गोष्टी एकदम बदलल्या की मूळ दोष सापडत नाही आणि पाच नवे तयार होतात.

पहिली तपासणी: माउसने की दाबा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. व्हायटल, डेक्स्ड अशा बऱ्याच फुकट सिंथच्या खिडकीत खाली किया काढलेल्या असतात. त्यांवर माउसने क्लिक करा. (रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट आणि बी दाबलं की त्याचा स्वतःचा छोटा कीबोर्डही उघडतो, पण तो चिठ्ठी ट्रॅकवर पाठवतो, म्हणून पहिल्या फेरीत सिंथच्याच किया वापरा.)

माउसने आवाज आला, तर सिंथ, ड्रायव्हर, स्पीकर सगळे निर्दोष. दोष कीबोर्ड आणि ट्रॅक यांच्यात. आला नाही, तर कीबोर्डची वायर उपसत बसू नका, दोष पुढे आहे. या एका क्लिकने अर्धं घर झाडून होतं.

माउसनेही आवाज नसेल तर ट्रॅकचा मीटर बघा. क्लिक केल्यावर हिरवी पट्टी वर जाते का? जात असेल तर आवाज तयार होतोय, फक्त बाहेर पडायला वाट नाही. जात नसेल तर सिंथमधलाच प्रीसेट, म्हणजे तयार बांधून ठेवलेला आवाज, किंवा त्याचा व्हॉल्यूम बघायचा.

दुसरी: आवाज कुठून बाहेर पडतोय?

लॅपटॉपला एचडीएमआयने टीव्ही जोडला की विंडोज बऱ्याचदा गुपचूप आवाज टीव्हीकडे वळवतं. टीव्ही काढला तरी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तिकडेच बघत बसतं. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट कोणतं निवडलंय ते वाचा. टास्कबारवरच्या स्पीकरवर भरवसा ठेवू नका, तो वेगळा. साउंड कार्ड (लॅपटॉपला बाहेरून जोडायचं आवाजाचं यंत्र) वापरत असाल तर हेडफोन साउंड कार्डाला लावा, लॅपटॉपला नाही. हसू नका, यावर मी एकदा अर्धा तास घालवलाय.

आणि आता ब्लूटूथ. यावर जरा थांबते, कारण ‘आवाज उशिरा येतो’ या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा हाच सापडतो.

एका मुलाच्या घरी गेले होते. आठवीतला मुलगा, हात छान. वडिलांनी हौसेने नवा ब्लूटूथ स्पीकर आणलेला. मुलगा सारेगमप वाजवतोय, बोट पंचमावर पोचलंय आणि स्पीकर अजून गंधार म्हणतोय. बिचारा स्पीकरची वाट बघत बघत वाजवायला शिकला होता. वडील म्हणाले, “लॅपटॉप जुना झालाय ताई, नवीन घ्यायचं ठरवलंय.” मी पर्समधून वायरचे इअरफोन काढले, लॅपटॉपच्या भोकात घातले आणि मुलाच्या कानाला लावले. तो एकदम हसला. नवा लॅपटॉप वाचला.

कारण असं. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकसून बांधावा लागतो, हवेतून पाठवावा लागतो, पलीकडे उलगडावा लागतो आणि मध्ये तुटू नये म्हणून थोडा साठवून ठेवावा लागतो. यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा बघताना कळत नाही, कारण चित्रही तेवढंच मागे ठेवता येतं. बोट मागे ठेवता येत नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्यात २०० गेले म्हणजे जवळजवळ निम्मी मात्रा गेली! हे कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. वाजवताना आणि रेकॉर्डिंग करताना वायरचाच हेडफोन. ऐकायला खुशाल ब्लूटूथ लावा.

तिसरी: प्रीसेट बदला

काही प्रीसेट मुळातच सावकाश उमलतात. स्ट्रिंग्ज, पॅड अशा नावांचे आवाज दाबल्यावर अर्ध्या-एक सेकंदाने भरतात. तो दोष नाही, अटॅक नावाचं बटण वर ठेवलंय म्हणून तसं होतं. पेटीत भाता भरायला वेळ लागतो तसंच समजा. पियानो किंवा प्लक नावाचा प्रीसेट लावून बघा. तो लगेच वाजला तर उशीर यंत्राचा नाही, त्या आवाजाच्या स्वभावाचा.

पूर्ण गप्प असेल तर नवशिक्याने फिल्टरचा कटऑफ शून्यावर नेलेला असण्याची शक्यता मोठी. फिल्टर म्हणजे वरचे स्वरांश कापणारी चाळणी. पार बंद केली की काहीच गळत नाही. मेन्यूमधला इनिशियलाइज किंवा इनिट प्रीसेट घ्या, कोरी पाटी मिळते. शिकायलाही तोच बरा. हजार प्रीसेट चाळण्यापेक्षा इनिटवरून एक बासरीसारखा आवाज स्वतः बनवा. ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), फिल्टर आणि एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) ही तीन खाती डोक्यात पक्की बसतात.

चौथी: वायर आणि पोर्ट

माउसने वाजतं आणि कीबोर्डने वाजत नाही, त्यांच्यासाठी.

कीबोर्डच्या मागचं चौकोनी यूएसबी भोक प्रिंटरसारखं असतं. प्रिंटरची वायर चालते. कीबोर्डला टाइप सी किंवा मायक्रो असेल तर वायर फक्त चार्जिंगची नाही ना, ते बघा. मोबाइलबरोबरच्या स्वस्त वायरींत कधीकधी माहितीच्या तारा नसतातच. कीबोर्डचे दिवे लागतात, म्हणून वाटतं वायर चांगली आहे. तीच वायर लावून मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर दिसतात का बघा. दिसले नाहीत तर वायर बदला.

जुन्या कीबोर्डला पाच पिनांची गोल भोकं असतात आणि त्यासाठी दोन शेपट्यांची यूएसबी वायर मिळते, एकीवर इन, दुसरीवर आउट लिहिलेली. इन म्हणजे नेमकं कोणाचं इन, यावर वायर बनवणाऱ्यांचं एकमत नाही. वाद घालू नका, शेपट्या अदलाबदल करून बघा.

यूएसबी हब काढून टाका, सरळ लॅपटॉपच्या भोकात लावा. दहा मिनिटं वाजवून कीबोर्ड गायब होत असेल, तर विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा.

आणखी एक, जे कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोजवर बऱ्याच कीबोर्डांचं मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. ब्राउझरमध्ये ‘ऑनलाइन पियानो शिका’ची टॅब उघडी असेल तर चिठ्ठ्या तिकडे जातात आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उपाशी. सगळं बंद करा, कीबोर्ड आधी चालू करा, मग सॉफ्टवेअर उघडा. या क्रमाने. कीबोर्ड नंतर लावला तर काही सॉफ्टवेअरना तो दिसतच नाही.

पाचवी: ट्रॅक ऐकतोय का?

रीपरचं उदाहरण घेते, साठ दिवस विनामूल्य वापरून बघता येतं म्हणून माझी बरीच मुलं त्यावरच सुरुवात करतात. प्रेफरन्सेसमधल्या मिडीच्या पानावर कीबोर्डचं नाव एनेबल केलेलं हवं. ट्रॅकवरचं लाल बटण दाबलेलं हवं. इनपुटमध्ये मिडी, त्यात सगळी उपकरणं आणि सगळे चॅनेल. आणि मॉनिटर, म्हणजे वाजवतानाच ऐकू येण्याचं बटण, चालू. या चारांतलं एक जरी राहिलं तरी शांतता. विशेषतः इनपुटमध्ये माइक निवडलेला राहतो आणि माणूस कीबोर्ड बडवत बसतो. ट्रॅक मेन्यूमधून ‘नव्या ट्रॅकवर व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट’ घेतलं की हे बरंचसं आपोआप लागतं, म्हणून तसंच घ्या.

ऑडॅसिटीवर प्रयत्न करणारे इथेच थांबा. चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण त्यात सिंथ प्लगइन कीबोर्डने वाजवता येत नाही. दोष तुमचा नाही, हत्यार वेगळं हवं.

सहावी: कीबोर्डच्या खोड्या

दोन आवाज येत असतील, तर एक लॅपटॉपचा आणि एक कीबोर्डच्या पोटातला. आपल्याकडे घरोघरी असतात ते आवाजासकटचे कीबोर्ड. त्यांच्या फंक्शन मेन्यूत लोकल कंट्रोल असतं, ते ऑफ करा. किया आणि आतला आवाज यांची फारकत होते, चिठ्ठ्या जात राहतात. कार्यक्रमाला नेताना पुन्हा ऑन करायला विसरू नका, नाहीतर स्टेजवर कीबोर्ड मुका झाला म्हणून मला फोन कराल.

सूर अडकला, तर आधी सॉफ्टवेअरमधलं पॅनिक किंवा ‘ऑल नोट्स ऑफ’ दाबा. ‘सोडली’ची चिठ्ठी वाटेत हरवली की सिंथला वाटतं बोट अजून कीवरच आहे. वारंवार अडकत असेल तर पेडल बघा. अनेक कीबोर्ड चालू होताना पेडल कसं आहे ते एकदाच तपासतात आणि त्या क्षणाच्या स्थितीला ‘सुटलेलं’ समजतात. एका मंडळाच्या तालमीत कीबोर्ड उलटाच वागत होता: पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. टेबलाखाली वाकून बघितलं तर चालू करताना पेडलवर नारळांची पिशवी होती. पिशवी कोणीतरी नंतर उचलली, पण कीबोर्डच्या समजुतीत ती अजून तिथेच. बंद केला, पेडल मोकळं आहे हे बघून चालू केला, झालं.

सूर भलत्या पट्टीत असेल तर मोजून बघा. पांढरी एक दाबल्यावर बरोबर एक सप्तक वर-खाली असेल तर ऑक्टेव्हचं बटण दाबलं गेलंय. पूर्ण काळी एक किंवा पांढरी दोन वाजत असेल तर ट्रान्सपोज. पण काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध, पेटीवर सापडतच नाही असा सूर येत असेल, तर मामला वेगळा. संगणक आवाजाचे सेकंदाला हजारो बारीक तुकडे मोजतो, त्यांना नमुने म्हणतात. सॉफ्टवेअर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर चालतंय आणि साउंड कार्ड ४८,००० वर. दोन्हींतल्या फरकाने सूर साधारण दीड अर्धस्वर चढतो. दोन्हीकडे आकडा एकच करा. कोणता, हे महत्त्वाचं नाही. घरच्या कामाला दोन्ही पुरतात. ९६,००० वर नेऊन लॅपटॉपवर दुप्पट ओझं लादू नका.

सातवी: ड्रायव्हर आणि बफर

इथे वेळ घालवा. वायरचा हेडफोन लावूनही आवाज मागे येत असेल किंवा तडतडत असेल, तर उत्तर इथेच आहे.

संगणक आवाज थेंब थेंब देत नाही, घागरी भरून देतो. घागर म्हणजे बफर. मोठी घागर घेतली तर भरायला वेळ लागतो, तोवर तुम्ही थांबता: हा उशीर. छोटी घेतली तर लगेच मिळते, पण खेपा वाढतात. एखादी खेप चुकली की धार तुटते: ही तडतड. उशीर आणि तडतड हे एकाच काट्याचे दोन टोकं आहेत. म्हणून ‘दोन्ही एकदम घालवून द्या’ असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा आधी घागर किती मोठी ते विचारते.

४४,१०० वर १२८ नमुन्यांची घागर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. वर ड्रायव्हर आणि साउंड कार्डाचा थोडा हप्ता असतो. हे आकडे मोठे की छोटे? हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दहा मिलिसेकंद म्हणजे तबलजी तुमच्यापासून साडेतीन मीटरवर बसल्यासारखं. तेवढ्यावर आपण आयुष्यभर वाजवतोच. तेव्हा ६४ची घागर लावून फुशारकी मारायची गरज नाही. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा. वाजवून झालं, नुसतं मिक्सिंग चाललंय, तेव्हा १०२४ करा. तिथे उशिराने काही बिघडत नाही.

विंडोजवर मात्र घागर छोटी करण्याआधी ड्रायव्हर बघा. नेहमीच्या वाटेने आवाज पाठवला तर विंडोज तो यूट्यूबच्या, मेलच्या टिंगटिंगच्या आणि बाकी सगळ्यांच्या आवाजात मिसळून मग पुढे देतं. त्या मिसळण्यात वेळ जातो. हा घाट टाळायला स्टाइनबर्गने १९९७ साली एएसआयओ नावाची वाट काढली. साउंड कार्ड घेतलं असेल तर त्याच्या कंपनीच्या साइटवरून त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर उतरवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. साउंड कार्ड नसेल तर एएसआयओ फोर ऑल हा फुकट ड्रायव्हर लॅपटॉपच्या आतल्या आवाजावर चालतो. तो जमला नाही तर वासापी एक्स्क्लुझिव्ह ही विंडोजची स्वतःची थेट वाट निवडून बघा, त्यासाठी काही टाकावं लागत नाही. एएसआयओ चालू असताना यूट्यूब गप्प झालं तर घाबरू नका, वाट अडवलेली असते. मॅकवाल्यांना यातलं काही करायचं नाही, त्यांची कोअर ऑडिओची वाट मुळातच थेट आहे. फक्त घागर बघा.

आठवी: तडतड अजूनही आहे

आधी गाणं एक्सपोर्ट करा आणि ती फाइल मोबाइलवर ऐका. ही चाचणी लोक करत नाहीत आणि उगाच झुरतात. वाजवताना संगणकाला प्रत्येक खेप वेळेवर द्यावी लागते. एक्सपोर्ट करताना तशी घाई नसते, तो निवांत हिशेब करतो. फाइल स्वच्छ असेल तर तुमचं काम वाचलेलं आहे, दोष फक्त वाजवण्याच्या वेळेचा. फाइलमध्येही फाटत असेल तर मास्टरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला, मीटर लाल होतोय का बघा; ट्रॅकचे आवाज कमी करा, संगणकाशी त्याचा संबंध नाही.

फाइल स्वच्छ असेल तर ओझं कमी करायचं. चार्जर लावा, विंडोजचा पॉवर मोड सर्वांत जोरकस ठेवा. बॅटरीवर लॅपटॉप हळू चालतो. वाय-फाय बंद करून दोन मिनिटं वाजवा. तडतड थांबली तर गुन्हेगार वाय-फायचा ड्रायव्हर, तो अपडेट करा किंवा रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद ठेवा. सिंथमधलं युनिसन नावाचं बटण बघा: सोळावर असेल तर एका कीला सोळा आवाज, पाच बोटांना ऐंशी. चारावर आणा, फरक कोणाला कळणार नाही. झालेले ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे सिंथला प्रत्येक वेळी नव्याने गणित करावं लागत नाही. मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून वाजवू नका. तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो.

एवढं करूनही राहिलं तर लेटन्सीमॉन नावाचं साधन विंडोजवर मिळतं. दहा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर वाट अडवतोय त्याचं नाव दाखवतं. ते नाव लिहून घ्या. पुढे लागेल.

नववी: प्लगइन सापडत नाही

फाइल योग्य जागी नाही, एवढंच बहुतेकदा असतं. व्हीएसटी ३ हा प्लगइनचा एक प्रकार. विंडोजवर व्हीएसटी ३ ची ठरलेली जागा सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये, कॉमन फाइल्सच्या आतली व्हीएसटी ३ ची फोल्डर. तिथे टाकून सॉफ्टवेअरला पुन्हा स्कॅन करायला सांगा. जुनं ३२ बिटचं प्लगइन ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा उघडत नाही. ६४ची आवृत्ती शोधा. मॅकवरच्या गॅरेजबँड आणि लॉजिक यांना व्हीएसटी चालतच नाही, एयू हा दुसरा प्रकार हवा.

आणि मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेलं क्रॅक केलेलं प्लगइन असेल, तर मी त्याला हात लावत नाही. नैतिकतेचं प्रवचन नाही. ते अर्धवट चालतं, मध्येच बंद पडतं, अँटिव्हायरस त्याचा अर्धा भाग खातो आणि दोष शोधणं अशक्य होतं. व्हायटलची मूळ आवृत्ती फुकट आहे, सर्ज एक्सटी फुकट आणि मुक्त आहे, डेक्स्ड तर १९८३च्या यामाहा डीएक्स ७ चा अवतार आहे, तोही फुकट. वर्षभर शिकायला एवढं रगड झालं.

दहावी: घूंऽऽ

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. म्हणून विजेची गुणगुण खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर ऐकू येते, किंवा तिच्या एक सप्तक वर. कान लावा. तसाच सूर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर चार्जर आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेतायत आणि त्यांच्या अर्थिंगची गाठ पडलीय. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. माउस हलवला की चिरचिर बदलत असेल तर ती यूएसबीतून येणारी खरखर; साउंड कार्ड दुसऱ्या पोर्टवर लावा. सिंथचा आवाज लॅपटॉपच्या आतच तयार होतो, त्यामुळे ही गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. एक्सपोर्ट केलेली फाइल ऐकून खात्री करा. माइकवर गायलेल्या ट्रॅकची गोष्ट वेगळी.

थ्री पिन प्लगची जाड पिन मोडून गुणगुण घालवायची युक्ती कोणीतरी सांगेलच. ती करू नका. गुणगुण जाते, आणि दोष आला तर तो करंट जायला वाट म्हणून तुम्ही उरता.

आता थांबा, माणूस बोलवा

माइकच्या जाळीला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळं बंद करून वायरमन बोलवा, घराचं अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात तर त्याच दिवशी. हे संगीताचं काम नाही आणि माझंही नाही.

कीबोर्डची एखादीच की कशीही दाबली तरी ठणकन सर्वांत जोरात वाजत असेल, तर त्या कीखालचे संपर्क मळलेत. प्रत्येक कीखाली दोन संपर्क असतात आणि त्यांच्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. एक बिघडला की मोजमाप बिघडतं. कोकणातल्या दमट हवेत हे फार होतं. उघडायचा मोह होईल. रबराच्या पट्ट्या नीट बसल्या नाहीत तर एका कीच्या दहा होतात, तेव्हा कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या.

साउंड कार्ड किंवा वीज लावायचा स्पीकर स्वतः खोलू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. लेटन्सीमॉनने वाय-फायऐवजी बॅटरी किंवा मदरबोर्डाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं, तर लॅपटॉपवाल्याकडे. यूट्यूबवर बघून बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ सेटिंग) बदलू नका.

मग साउंड कार्ड कधी घ्यायचं? एएसआयओ लावून, वायर लावून, ओझं कमी करूनही २५६ वर तडतडत असेल तेव्हा. किंवा माइकवर गायचं असेल तेव्हा. ब्लूटूथचा उशीर घालवायला घेऊ नका, तो शंभर-दोनशेच्या इअरफोनने जातो.

फोन मलाच करायचा असेल, तर आधी कागदावर एवढं लिहून ठेवा: माउसने वाजतं का, मीटर हलतो का, आउटपुटमध्ये कोणतं नाव आहे, ड्रायव्हर कोणता, घागर कितीची, आणि एक्सपोर्ट केलेली फाइल स्वच्छ आहे का. सहा उत्तरं असतील तर फोनवरच सुटतं. नसतील तर मला रिक्षा करून यावं लागतं, आणि गणपतीच्या आदल्या संध्याकाळी डोंबिवलीत रिक्षा मिळत नाही.